दवाखान्याचा उंबरठा आणि घराचा उंबरठा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या स्नेहसंमेलनात आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस केली, त्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. येथे ‘आम्ही’ हा शब्द केवळ रूढीप्रमाणे योजलेला नाही. तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या लहानशा दवाखान्यात डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेविका अशी तीन माणसे काम करतात. आज बोलणे एकाच्या तोंडून होत असले, तरी अनुभव तिघांचा आहे आणि त्यातील चुकांची जबाबदारीही तिघांची आहे.

मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीचा विनियोग पुढे कसा करावा, हा विषय यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. एखादे यंत्र घ्यावे, दवाखान्यासाठी इमारत बांधावी, अथवा आजवरच्या प्रथेप्रमाणे शस्त्रक्रियांसाठी एकरकमी मदत देत राहावी, अशा सूचना आल्या आहेत. त्या सर्व सद्भावनेच्या आहेत आणि त्यांपैकी कोणतीही त्याज्य नाही. आमचीही एक सूचना आहे. परंतु ती मांडण्यापूर्वी एक कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण ती सूचना त्या कबुलीतूनच निघालेली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यात एक तरुण येऊ लागला. ओळख पटू नये म्हणून त्याचे गाव आणि व्यवसाय आम्ही सांगत नाही. मात्र तो आपल्याच ज्ञातीचा होता, एवढे सांगणे प्राप्त आहे. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप आणि उतरत चाललेले वजन, अशी त्याची तक्रार होती. थुंकीच्या तपासणीत क्षय निघाला. त्या काळी आमच्याकडे समाजसेविका नव्हती. आम्ही त्यास रोग समजावून सांगितला, सरकारी औषध मोफत मिळवून दिले, सहा महिने एक दिवसही खंड पडू देऊ नये असे बजावले, आणि आपले काम झाले असे मानले. दोन महिन्यांत त्याचा ताप गेला, चेहऱ्यावर तेज आले. तिसऱ्या महिन्यात तो येईनासा झाला. आम्ही दोन वेळा फोन केला. ‘बाहेरगावी गेला आहे’ असे उत्तर मिळाले. नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘औषध सोडले’ असा शेरा लिहून आम्ही पुढच्या रोग्याकडे वळलो.

वर्षाच्या आत तो परत आला, तेव्हा खोकल्यातून रक्त पडत होते. रोगाचे जंतू आता नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते. पुढील उपचारांसाठी त्यास मोठ्या रुग्णालयात पाठविले. परंतु उशीर झालेला होता. तो गेला. आम्ही समाचारास गेलो असता त्याच्या आईने जे सांगितले, ते आम्ही आजवर विसरलेलो नाही. घरात धाकट्या बहिणीच्या लग्नाचे पाहणे चालू होते. पाहुणे येणार म्हणून आईने औषधाची पाकिटे धान्याच्या कणगीत लपविली. मुलगा गोठ्यात जाऊन चोरून गोळ्या घेई. पुढे, बोलणी पक्की होईपर्यंत दवाखान्यातही जाऊ नये, तेथे आपली माणसे भेटतात, बभ्रा होईल, असे घरात ठरले. त्यास बरे वाटतच होते. तोही कबूल झाला. बहिणीचे लग्न यथासांग पार पडले. हे सर्व सांगून झाल्यावर ती माउली म्हणाली, “डॉक्टर, औषध तुम्ही दिलंत. पण घरात काय चाललंय, ते तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आमचे निदान बरोबर होते, औषध बरोबर होते, उपदेशही बरोबर होता. परंतु औषधाची चिठ्ठी दवाखान्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते, आणि रोग नांदतो तो घराच्या उंबरठ्याच्या आत. या दोन उंबरठ्यांमधील अंतर चालून जाणारे माणूस आमच्यापाशी नव्हते. आज आपणांपुढे जे काही मांडावयाचे आहे, त्याचे सार एवढेच आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीत ‘घरचे डॉक्टर’ ही संस्था होती. आजोबांचा दमा, वडिलांचा रक्तदाब आणि नातवाचा गोवर एकच डॉक्टर पाहत असे. त्या घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणाच्या डोक्यावर कर्ज आहे, कोणती सून मुकाट्याने सोशीत आहे, हे त्याला न सांगता कळे. आज ज्यास कुटुंबवैद्यक म्हणतात आणि ज्याचा वैद्यकाची एक स्वतंत्र शाखा म्हणून अभ्यास होतो, त्याचे बीज याच परंपरेत आहे. तथापि त्या काळाचे केवळ गोडवे गाणे उचित होणार नाही. त्या डॉक्टरांची पावले बहुधा ऐपतदारांच्या ओसरीवर अधिक वळत. ज्याच्या घरी बसावयास खुर्ची नव्हती, त्याचे घर डॉक्टरने क्वचितच पाहिले. आपणांस ती जुनी संस्था जशीच्या तशी परत आणावयाची नाही. तिच्यातील ओळख तेवढी घेऊन ती प्रत्येक घरापर्यंत न्यावयाची आहे.

हा विचार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंची आल्मोनर म्हणून नेमणूक केली. मोफत उपचारांचा फायदा कोणी ऐपतदार तर घेत नाही ना, हे तपासणे हे त्यांचे मूळ काम. परंतु रोग्यांची चौकशी करता करता या पदाचे स्वरूपच पालटले. उपचार घेऊन घरी गेलेल्या रोग्यास दूध आणि विश्रांती मिळणार नसेल तर उपचार व्यर्थ जातात, हे ध्यानी आले, आणि तपासणीचे काम हळूहळू साहाय्याचे झाले. १९०५ साली अमेरिकेत बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. रिचर्ड कॅबट यांनी हेच कार्य अधिक व्यापक पायावर सुरू केले. आपल्याकडे मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा निघाली. तीच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी भोर समितीने आपला अहवाल सादर करून, डॉक्टरने केवळ रोगाचा नव्हे तर समाजाचाही अभ्यासक व्हावे, असा आग्रह धरला. आज मोठ्या सरकारी रुग्णालयांतून समाजसेवा अधीक्षक हे पद असते. गावोगाव २००५ नंतर आशाताई काम करू लागल्या आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु तालुक्याच्या गावी जे शेकडो लहान खाजगी दवाखाने आहेत, जेथे सामान्य माणूस प्रथम पाऊल टाकतो, तेथे डॉक्टर आहे, कंपाउंडर आहे, औषधांचे दुकानही आहे; रोग्याच्या घरी जाणारे मात्र कोणी नाही.

त्या तरुणाच्या मृत्यूनंतर आम्ही एक समाजसेविका नेमली. त्यांच्या येण्याने प्रथम बदलला तो आमचा केसपेपर. पूर्वी त्यावर नाव, वय, तक्रार आणि औषध एवढेच असे. आता प्रत्येक कुटुंबाचे एक पत्रक आहे. घरात माणसे किती, मिळवते कोण, स्वयंपाक कोण करते, पाणी कोठून येते, चूल लाकडाची की गॅसची, दारू कोणाला आहे, आणि घरातील निर्णय कोणाच्या शब्दाने होतो, या गोष्टी त्यात असतात. पहिल्या भेटीत हे सर्व विचारावयाचे नसते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, चहा होता होता, ते आपोआप कळते. दवाखान्यात गर्दी असते ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. खेड्यांतील माणसे बाजार आणि औषध एकाच फेरीत उरकतात. त्या दिवशी रोग्यास बोलावयास सवड नसते. त्याचे लक्ष परतीच्या एस. टी. कडे असते. म्हणून बाजाराचा दिवस दवाखान्याचा आणि त्यापुढचे दोन दिवस घरभेटींचे, असा आमचा क्रम आहे.

या घरभेटींतून आम्ही काय शिकलो, त्याचे एक साधे उदाहरण देतो. मधुमेहाच्या एका वृद्ध बाईंस ‘सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक गोळी’ असे लिहून दिले होते. साखर काही केल्या आटोक्यात येईना. आम्ही गोळी बदलण्याच्या विचारात होतो. समाजसेविका घरी जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “त्या गोळी बरोबर घेतात. जेवण एकदाच होतं, म्हणून गोळीही एकदाच.” सायंकाळचे अन्न नातवंडांना पुरावे म्हणून त्या नुसत्या चहावर राहत होत्या. आम्ही चिठ्ठी लिहिताना त्यांच्या घरी दोन जेवणे गृहीत धरली होती. त्यांच्यासाठी नवे औषध लागले नाही. शिधापत्रिकेवर गळलेले नाव लावून घ्यावे लागले आणि निराधार वृद्धांच्या अनुदानाचा अर्ज भरावा लागला. तहसील कचेरीच्या त्या खेपा आमच्या समाजसेविकेने घातल्या. औषधशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात हा उपचार सापडणार नाही. साखर मात्र त्याने उतरली.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून आपली माणसे प्रथम दागिने मोडतात, मग जमीन गहाण टाकतात आणि शेवटी मंडळाकडे अर्ज करतात. वस्तुतः महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना अनेक शस्त्रक्रियांसाठी उपलब्ध आहे. तसेच धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रोग्यांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रोग्यांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, असे कायद्याचे बंधन आहे. मात्र हे माहीत असणारे थोडे, आणि माहीत असूनही योग्य कागद घेऊन योग्य खिडकीपर्यंत पोहोचणारे त्याहूनही थोडे. यास्तव मंडळाकडे मदतीचा अर्ज आला की प्रथम चौकशी व्हावी ती ही, की या रोग्यास त्याच्या हक्काचे मिळाले आहे काय? निधीतील पैसा तेथे वाचला, तर जेथे कोणतीही योजना पोहोचत नाही तेथे तो उपयोगी पडेल.

आता क्षयाकडे पुन्हा वळतो. कारण घर आणि औषध यांचे नाते या रोगाने जितके स्पष्ट दाखविले, तितके दुसऱ्या कोणत्याही रोगाने दाखविलेले नाही. एके काळी क्षयरोग्यास घरापासून दूर आरोग्यधामात ठेवणे हाच उत्तम उपचार मानला जाई. १९५९ साली मद्रास येथील क्षयरोग केंद्राच्या अभ्यासाने सिद्ध केले की, औषध नियमित घेतले तर गरिबाच्या दाटीच्या घरात राहणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. आणि तो घरी राहिल्यामुळे घरच्या माणसांना अधिक धोका पोहोचतो असेही नाही. साऱ्या जगाने हा धडा आपल्या देशापासून घेतला. त्यातील ‘औषध नियमित घेतले तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आमच्या त्या तरुणाच्या बाबतीत आम्ही विसरलो ते हेच. दुसरा अभ्यास अगदी अलीकडचा, झारखंडमधील चार जिल्ह्यांतला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला आहे. क्षयरोग्याच्या घरातील माणसांना दरमहा पोषक शिधा दिला असता, त्यांच्यामध्ये नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळून आले. सरकारही औषधोपचार चालू असलेल्या क्षयरोग्यास पोषणासाठी दरमहा रक्कम देते. २०१८ पासून ती ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. ही रक्कम रोग्याच्या नावे आहे. घरातील इतरांच्या ताटाकडे पाहण्याचे काम समाजाचे आहे. आणि जेथे ‘समाज’ हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो, तेथे ते काम कोणाचे हे वेगळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल की हे सर्व शिकलेल्या, पगारी माणसांचे काम आहे. साध्या स्त्रियांना ते कसे जमणार? अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जे काम उभारले, ते याचे उत्तर आहे. त्यांनी गावोगावच्या निरनिराळ्या जातींच्या, पुष्कळशा निरक्षर अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. ज्या बायकांना गावात कोणी नावाने हाक मारीत नव्हते, त्यांच्या सल्ल्याने गाव बाळंतपणे आणि मुलांची दुखणी सांभाळू लागला. १९७९ साली या दांपत्यास रॅमन मॅगसेसे पुरस्काराने गौरविण्यात आले. यंत्रे त्यांच्याकडेही होती. परंतु जामखेडचे नाव जगभर झाले ते या बायकांमुळे.

आता आम्ही अशा विषयाकडे येतो की जो या व्यासपीठावर बोलताना संकोच वाटतो. परंतु तो टाळला तर आमची कबुली अर्धीच राहील.

त्या तरुणाच्या घरच्यांनी औषध लपविले ते कोणापासून? सरकारपासून नव्हे, शेजाऱ्यांपासूनही तितके नव्हे. त्यांनी ते लपविले आपल्यापासून. ज्या ज्ञातीत मुलीचे लग्न करावयाचे, त्या ज्ञातीच्या नजरेपासून. आपले मंडळ वधूवर मेळावे भरविते, वधूवर सूची छापते. त्यामुळे कितीतरी घरांची चिंता दूर झाली आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु त्याच सूचीची धास्ती आमच्या दवाखान्यात दररोज येऊन बसते. ‘आमचे नाव वहीत लिहू नका’, ‘दुपारी गर्दी नसताना येतो’, ‘मुलीला दाखवायचे आहे, पण आजचा मुहूर्त नको, पाहुणे गावात आहेत’, ही वाक्ये आम्ही किती वेळा ऐकली असतील! क्षय, कुष्ठ, अपस्मार आणि मनाचे आजार ही चारही दुखणी औषधाने सांभाळता येतात, त्यांपैकी पहिली दोन तर पुरती बरी होतात. तरी ती आपल्या घरांत चोरून भोगली जातात, आणि चोरून भोगलेले दुखणे वाढते.

एका मुलीस लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. नियमित औषधाने ते थांबले होते. लग्न ठरले, आणि सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून माहेरच्यांनी त्या बंद करविल्या. लग्नानंतर पंधरा दिवसांत स्वयंपाकघरात, चुलीपाशी, तिला झटका आला. हात भाजला. सासरच्यांनी ‘आमची फसवणूक झाली’ असे म्हणून तिला माहेरी आणून सोडले. त्यांचा राग सर्वस्वी अनाठायी होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना खरोखरच सांगितले गेले नव्हते. माहेरचेही दुष्ट नव्हते. खरे सांगितले असते तर ते स्थळ परत आलेच नसते, हे त्यांना ठाऊक होते. दोन्ही घरे आपापल्या परीने बरोबर, आणि मुलगी मात्र हात भाजून ओसरीवर बसलेली.

आमच्या समाजसेविका आणि मंडळाच्या महिला शाखेतील एक वृद्ध भगिनी अशा दोघी तिच्या सासरी पाच वेळा गेल्या. पहिल्या वेळी त्यांना आत बोलाविले गेले नाही. तिसऱ्या वेळी सासूबाईंनी विचारले, “हे मुलांना होतं का?” त्या प्रश्नाने दार उघडले. चौथ्या वेळी सासू-सासरे दोघेही दवाखान्यात आले. योग्य औषधाने बहुसंख्य रोग्यांचे झटके पूर्ण थांबतात, गरोदरपणात औषध आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाचे असते, बहुतेक मातांना निरोगी मुले होतात, हे आम्ही त्यांना सांगितले. ती मुलगी सासरी परत गेली. आज तिला एक मूल आहे. गोळ्यांचा डबा देवघराशेजारच्या फळीवर, सर्वांस दिसेल असा असतो, आणि रात्री गोळीची आठवण सासूबाईच करतात. सर्वच प्रकरणे अशी सुखाने संपतात असे नाही. काही मुली आजही माहेरीच आहेत.

येथे कायदाही आपल्या पुढे गेला आहे, हे लक्षात घ्यावे. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही विवाहास बाध आणणारी गोष्ट मानली होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती तेथून काढून टाकली गेली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते; २०१९ च्या दुरुस्तीने तेही गेले. कायद्याच्या पुस्तकातून जे पुसले गेले, ते आपल्या सोयरिकीच्या बोलण्यांतून अद्याप पुसले गेलेले नाही.

मग काय, दवाखान्याने रोग्याचे गुपित मंडळास कळवावे काय? मुळीच नाही. रोग्याने आम्हांस सांगितलेले आमच्यापाशीच राहील. ते मोडले तर उद्या कोणी आमच्या दारी येणार नाही. सांगावयाचे ते रोग्यानेच, बोलणी पक्की होण्यापूर्वी, समोरच्या घराला विश्वासात घेऊन. हवे असल्यास रोग समजावून सांगावयास आम्ही सोबत बसू. परंतु खरे सांगणाऱ्याचे नुकसान होत राहिले, तर कोणीही खरे सांगणार नाही. खरे सांगणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे हे दवाखान्याच्या हाती नाही. ते आपल्या हाती आहे.

आमची समाजसेविका आपल्या ज्ञातीची का नाही, असा प्रश्न काही हितचिंतकांनी आम्हांस विचारला आहे. ज्ञातीत शिकलेल्या मुली असता बाहेरची व्यक्ती कशास, असा त्यांचा भाव असतो. आमचे उत्तर असे की, त्या कोणाच्याच मावशी नाहीत, कोणाच्याच जाऊ नाहीत, आणि कोणाच्याही लग्नाच्या पंगतीत त्या बसणार नाहीत. म्हणूनच आपल्या घरातील बायका त्यांच्यापाशी मन मोकळे करतात. आपण सर्वजण एकमेकांस ओळखतो, हे आपले बळ आहे. परंतु दुखण्याच्या वेळी तीच ओळख ओझे होते, हेही आम्ही या कामात शिकलो.

असाच दुसरा आक्षेप असा की, आपल्या माणसांनी पोटास चिमटा घेऊन दिलेला निधी ज्ञातीबाहेरच्यांवर का खर्च व्हावा? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्या काळी कोणीच विचारीत नव्हते, त्या काळी ज्ञातीच्या वसतिगृहांनी आणि शिष्यवृत्त्यांनी आपली मुले शिकविली. आज या मांडवात बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या ऋणात आहेत, आम्हीही आहोत. परंतु शिष्यवृत्ती एका मुलास देता येते; क्षयाचा प्रतिबंध एका ज्ञातीपुरता करता येत नाही. भरलेल्या एस. टी. त, शाळेच्या वर्गात आणि विडीच्या कारखान्यात आपण सर्वजण एकच हवा घेतो. शेजारच्या वस्तीतील खोकला बरा झाल्यावाचून आपल्या आळीतील मूल सुरक्षित होत नाही. आमच्या कुटुंबपत्रकावर जातीचा रकाना नाही. तो नसावा अशी आमची विनंती आहे, आणि असावा असा मंडळाचा आग्रह असेल तर निधी नम्रपणे नाकारणे आम्हांस भाग पडेल. हे शब्द कठोर वाटले तर क्षमा असावी; परंतु पैसा हाती पडण्यापूर्वी ते बोलणे अधिक प्रामाणिक, असे आम्हांस वाटते.

आता सूचना थोडक्यात मांडतो. पहिली, यंत्र आणि इमारत यांचा विचार तूर्त पुढे ढकलावा, आणि निधीच्या व्याजातून एका प्रशिक्षित समाजसेविकेचे वेतन व घरभेटींचा प्रवासखर्च चालवावा. यंत्र जुने होते, इमारतीस ओल येते. माणसाचा अनुभव वर्षागणिक वाढतो. दुसरी, शस्त्रक्रियेसाठी मदत देताना रोग्याच्या हक्काच्या योजनांची चौकशी आधी व्हावी, आणि पुढील तपासण्यांचे एस. टी. भाडे व सोबतीच्या माणसाचे दोन वेळचे जेवण यांची तरतूद त्याच मदतीत असावी. शस्त्रक्रिया झालेला रोगी पुढे येईनासा होतो, तो बहुधा या दोन कारणांनी. तिसरी, दरमहा क्षयरोग्यांच्या घरांस शिधा पोहोचविण्याचे काम महिला शाखेने अंगावर घ्यावे. तूर, शेंगदाणे आणि तांदूळ देणारी घरे आपल्यात आहेत; मागावयाचे तेवढे आहे.

चौथी सूचना पैशाची नाही, म्हणूनच कदाचित सर्वांत अवघड आहे. पुढील वधूवर सूचीच्या पहिल्या पानावर मंडळाने आपल्या नावानिशी एक निवेदन छापावे. बरा झालेला क्षय, उपचार घेतलेला कुष्ठ, औषधाने आटोक्यात असलेला अपस्मार अथवा मनाचा आजार यांमुळे कोणत्याही स्थळास उणेपणा येत नाही. जे घर हे मोकळेपणाने सांगेल त्याचा मंडळास अभिमान वाटेल. आणि कोणास शंका असेल तर ती डॉक्टरांस विचारावी. केवळ एवढेच. मात्र त्या निवेदनाखाली अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळातील सर्व सभासदांच्या सह्या असाव्यात, आणि सही करणाऱ्याने ती आपल्या घरच्या सोयरिकीतही पाळावी.

असे निवेदन त्या वर्षी छापलेले असते, तर ती औषधाची पाकिटे कणगीत गेली नसती असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका पानाने शंभर वर्षांची भीती जात नाही. परंतु त्या आईला कोणाचा तरी आधार दाखविता आला असता. आम्ही तिला तो दिला नाही, कारण आम्ही विचारले नाही. आपण तो दिला नाही, कारण आपणांस कळले नाही. यापुढे आम्ही विचारीत जाऊ. कळल्यावर काय करावयाचे, हे आजच्या सभेने ठरवावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.